छावणीतला हिवाळा : कोल्हापूरला पोहोचण्यापूर्वीची पोलिश मुले

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील वळिवडे या गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती आणि तिच्यात बहुसंख्य स्त्रिया व मुले होती, ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. या वसाहतीविषयी, तसेच तिच्याआधी जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी वसवलेल्या मुलांच्या छावणीविषयी, गेल्या काही दशकांत बरेच लिहिले गेले असून त्या लेखनात आश्रय देणाऱ्यांचे औदार्य साहजिकच ठळकपणे येते. मात्र पंचगंगेच्या काठी जी मुले पोहोचली ती वाचलेली मुले होती. त्यांच्या बरोबरीने निघालेली, त्याच गाड्यांतून आणि त्याच तंबूंतून गेलेली असंख्य मुले वाटेत दगावली होती. कोण पोहोचणार आणि कोण नाही हे मुख्यतः १९४१-४२ च्या हिवाळ्यात, व्होल्गेच्या पलीकडील आणि मध्य आशियातील तात्पुरत्या छावण्यांत ठरले. वळिवड्याचा इतिहास नीट समजून घ्यायचा तर त्या हिवाळ्यात मुलांना जगवण्यासाठी काय केले गेले, त्यातले काय उपयोगी पडले आणि काय अपुरे ठरले, हे पाहणे अपरिहार्य आहे.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केल्यानंतर देशाचा पूर्व भाग सोव्हिएत अंमलाखाली गेला आणि तेथील ज्या गटांवर नव्या सत्तेचा विश्वास नव्हता त्यांना सहकुटुंब उचलून दूर पाठवण्याचे धोरण आखले गेले. हे काम एनकेव्हीडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे होते. १० फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या हद्दपारीत सुमारे १ लाख ४० हजार माणसे नेण्यात आली. त्यांत १९२० च्या पोलिश-सोव्हिएत युद्धानंतर सीमाभागात जमिनी मिळालेले माजी सैनिक आणि वनखात्यातील कर्मचारी यांची कुटुंबे प्रामुख्याने होती. एप्रिलमधील दुसऱ्या हद्दपारीत अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या बायकामुलांना कझाकस्तानात पाठवले गेले, जूनमध्ये पश्चिम पोलंडमधून पळून आलेल्या, बहुतांशी ज्यू, निर्वासितांची पाळी आली, आणि चौथी हद्दपारी १९४१ च्या मे-जूनमध्ये झाली. या सर्वांची संख्या पूर्वी दहा लाखांहून अधिक मानली जात असे. १९९० नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएत दप्तरांतून चार हद्दपाऱ्यांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो. आकडा कोणताही धरला तरी त्यात मुलांचे प्रमाण फार मोठे होते, कारण उचलण्याचे एकक व्यक्ती नसून कुटुंब हे होते.

पहिली हद्दपारी त्या दशकातील अतिशय कडक हिवाळ्यांपैकी एका हिवाळ्यात, अनेक ठिकाणी पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरलेला असताना झाली. सामान बांधायला बहुधा अर्धा-एक तास मिळे आणि कुटुंबे गुरांच्या डब्यांतून, मध्यभागी एक लोखंडी शेगडी, दोन बाजूंना फळ्यांचे माचे आणि शौचासाठी जमिनीला पाडलेले भोक एवढ्याच सोयींवर, दोन ते चार आठवड्यांचा प्रवास करीत. या पहिल्या तासाभरात घरातून काय उचलले गेले यावर पुढील दोन वर्षांचे जगणे अवलंबून राहिले, ही बाब वाचलेल्यांच्या आठवणींतून पुन्हापुन्हा समोर येते. ज्या घरातील आईने भांडीकुंडी आणि फोटो सोडून पिसांच्या रजया, लोकरी कपडे आणि बूट गाड्यावर टाकले, त्या घरातील मुलांना निदान सुरुवातीची शाश्वती मिळाली.

अर्खांगेल्स्क, कोमी आणि सायबेरियातील लाकूडतोडीच्या वस्त्यांत या कुटुंबांना लाकडी बराकींत, एका खोलीत अनेक कुटुंबे अशा रीतीने ठेवण्यात आले, तर कझाकस्तानच्या गवताळ पठारावर त्यांच्या वाट्याला मातीच्या विटांच्या झोपड्या किंवा जमिनीत अर्ध्या पुरलेली खोदघरे आली. उत्तरेकडे सरपणाचा तुटवडा नव्हता, परंतु अन्न अत्यंत कमी होते. पठारावर झाडच नसल्यामुळे वाळलेल्या शेणाचे तुकडे, म्हणजे मराठी मुलखातील गोवऱ्यांसारखेच इंधन, उन्हाळाभर गोळा करून ठेवावे लागे, आणि जे कुटुंब उशिरा आले किंवा ज्यात काम करू शकणारे कोणी नव्हते त्याला बुरान नावाच्या हिमवादळाच्या दिवसांत विझल्या चुलीपाशी बसून राहावे लागे. भाकरीचा शिधा प्रौढांच्या कामाच्या मोजमापावर ठरत असे आणि काम न करणाऱ्या अवलंबितांना, म्हणजे मुलांना व म्हाताऱ्यांना, त्याहून बराच कमी मिळे. लहान मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असल्याने ते प्रौढापेक्षा लवकर गारठते आणि उष्णता टिकवण्यासाठी त्याला वजनाच्या प्रमाणात अधिक अन्न लागते. शिध्याची ही पद्धत शरीराच्या या गरजेच्या नेमकी उलट होती.

यातूनच त्या वस्त्यांतील आयांपुढे एक भयंकर कोडे उभे राहिले. स्थानिक लोकांकडे थोडे दूध, बटाटे आणि पीठ असे, पण कापड आणि कपडे जवळजवळ नसत; त्यामुळे पोलिश कुटुंबांकडील कोट, रजया आणि बूट यांना चांगला भाव येई. मुलाला दूध मिळवून द्यायचे तर त्याची रजई द्यावी लागे, आणि रजई राखावी तर दूध नाही. बहुतेक घरांत पहिल्या उन्हाळ्यात, थंडी दूर असताना, कपडे गेले आणि दुसऱ्या हिवाळ्यात मुले चिंध्या पायांना गुंडाळून राहिली. रशियन हिवाळ्यात बर्फावर चालण्यासाठी वापरतात ते दाबलेल्या लोकरीचे बूट, ज्यांना वालेंकी म्हणतात, घरात एकच जोडी असेल तर भावंडांनी आळीपाळीने बाहेर पडायचे, अशी व्यवस्था अनेक आठवणींत नोंदलेली आहे. ही निवड करणाऱ्या स्त्रियांना कोणत्याही संस्थेचे मार्गदर्शन नव्हते. तरीही जंगलातील फळे व अळंबी वाळवून ठेवणे, सर्वांनी एका अंथरुणात निजणे, आजारी मुलाला शेगडीजवळची जागा देणे, अशा साध्या उपायांतून त्यांनी जी मुले जगवली त्यांची गणना कोणत्याच मदतकार्याच्या अहवालात होत नाही, आणि हे या इतिहासलेखनातील मोठे वैगुण्य मानले पाहिजे.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि परिस्थिती एकदम पालटली. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार व मॉस्को यांच्यात ३० जुलैला सिकोर्स्की-मैस्की करार झाला, १२ ऑगस्टच्या फर्मानाने हद्दपार पोलिश नागरिकांना मोकळे करण्यात आले आणि त्यांतून सैन्य उभारण्याचे काम, नुकतेच मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगातून सुटलेले जनरल व्वादिस्वाव आंदर्स यांच्याकडे सोपवले गेले. सैन्याचे मुख्यालय व्होल्गेच्या पूर्वेला बुझुलुक येथे, पाचवी डिव्हिजन सारातोव्हजवळ तातिश्चेवो येथे आणि सहावी तोत्स्कोये येथे ठेवण्यात आली. ही बातमी वस्त्यावस्त्यांत पोहोचताच कुटुंबेच्या कुटुंबे, काही सैन्याच्या दिशेने आणि काही दक्षिणेत थंडी कमी असते एवढ्याच ऐकीव माहितीवर मध्य आशियाच्या दिशेने, निघाली.

सुटकेचा आनंद स्वाभाविक होता, पण वेळ वाईट होती. माणसे निघाली तेव्हा शरद ऋतू सरत आला होता, युद्धामुळे रेल्वेवर प्रचंड ताण होता आणि पश्चिमेकडून स्थलांतरित होणारे कारखाने व सोव्हिएत नागरिक याच मार्गांवर होते. बराक कितीही वाईट असली तरी तिला छप्पर आणि शेगडी होती. स्थानकाच्या फलाटावर आठवडेच्या आठवडे गाडीची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला दोन्ही नव्हते. भाकरी आणायला उतरलेली आई परत येईपर्यंत गाडी निघून गेल्यामुळे मुले कायमची दुरावल्याच्या घटना या प्रवासात वारंवार घडल्या. दक्षिणेत पोहोचलेल्यांना उझबेकिस्तानच्या कोलखोजांवर, म्हणजे सामूहिक शेतांवर, वाटून देण्यात आले. तेथे बर्फ कमी होता, पण खायला मूठभर धान्यापलीकडे फारसे काही नव्हते आणि कापूस पिकवणाऱ्या या प्रदेशात युद्धामुळे स्थानिक लोकही उपाशी होते.

व्होल्गेकडील सैनिकी छावण्यांची स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. आंदर्स यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये तोत्स्कोये येथे पहिली कवायत पाहिली तेव्हा तुरुंगांतून व श्रमछावण्यांतून आलेल्या त्या सैनिकांपैकी बहुतेकांच्या पायांत बूट नव्हते. हिवाळ्यात पारा शून्याखाली ४० अंशांच्याही खाली जात असताना हजारो माणसे कापडी तंबूंत राहत होती. तंबू गोठू नये म्हणून सैनिकांनी जमीन खोदून तो खड्ड्यात उतरवणे, बाहेरच्या कडांना मातीचा भराव घालणे, आत मातीच्या किंवा विटांच्या चुली रचणे आणि त्यांचे धुराडे कापडाला न लागता बाहेर काढणे, अशी कामे स्वतः केली. खोदलेल्या तंबूत वारा जमिनीलगत शिरत नाही आणि भोवतालच्या मातीमुळे आतली ऊब काही काळ टिकते, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. ज्यांनी दोन हिवाळे उत्तरेत काढले होते त्यांना ते शिकवावे लागले नाही.

या तंबूंभोवती नागरिकांची गर्दी जमली, आणि येथेच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घडामोड झाली. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शिधा मंजूर केला होता तो सैनिकांच्या ठरावीक संख्येसाठी, आणि छावणीबाहेर बसलेल्या बायकामुलांचा त्यात समावेश नव्हता. सैनिकांनी आपल्या वाट्याचा काही भाग बाजूला काढून या कुटुंबांना आणि अनाथ मुलांना देण्यास सुरुवात केली, आणि सेनापतींनी हा व्यवहार थांबवला नाही, उलट त्याला व्यवस्थेचे रूप दिले. दीर्घकाळ उपाशी राहून नुकत्याच सुटलेल्या माणसांनी स्वतःचे सूप आणि भाकरी वाटून खाणे हा त्याग शब्दांत मावणारा नाही, परंतु त्याचे मोल भावनेपुरते नव्हते. शिध्याची वाटणी रोज, ठरलेल्या वेळी आणि एकाच भटारखान्यातून होत असल्यामुळे मुले त्या भटारखान्याभोवती एकत्र आली, त्यांची नावे लिहिली गेली, कोण आजारी आहे आणि कोणाचे आईबाप नाहीत हे कळू लागले.

या याद्यांतूनच सैन्याशी जोडलेली अनाथालये उभी राहिली. १९४२ च्या आरंभी सैन्य दक्षिणेकडे, मुख्यतः उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि कझाकस्तानच्या दक्षिण भागात हलवण्यात आले, मुख्यालय ताश्कंदजवळ यांगी-युल येथे गेले आणि गुझार, केर्मिने, शहरीसब्ज यांसारख्या ठिकाणी मुलांसाठी निवास सुरू झाले. किशोरवयीन मुलामुलींना ‘युनाक’, म्हणजे सैनिकी शाळांचे छात्र, म्हणून दाखल करण्यात येई, कारण छात्राला शिधा आणि गणवेश मिळत असे. लहान मुलांनी वय वाढवून सांगावे आणि भरती करणाऱ्याने ते समजूनही मान्य करावे, असे सर्रास घडले. त्याहून हृदयद्रावक गोष्ट अशी की अनेक जिवंत आयांनी आपली मुले अनाथ म्हणून या निवासांच्या दारात सोडली, कारण कोलखोजावर त्यांना खायला देण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता आणि अनाथालयात निदान गरम सूप मिळेल याची खात्री होती. यांतील काही आया पुढे मुलांना भेटल्या, अनेक भेटल्या नाहीत. बालाचडी व वळिवड्याच्या नोंदींत ज्यांना अनाथ म्हटले आहे त्यांतील काही मुलांची आई त्या वेळी सोव्हिएत संघात जिवंत होती, हे ध्यानात ठेवूनच त्या नोंदी वाचल्या पाहिजेत.

दुसऱ्या बाजूला कुइबिशेव्ह, म्हणजे आजचे समारा, येथे युद्धकाळासाठी हलवलेल्या पोलिश वकिलातीने मदतीचे मुलकी जाळे विणले. राजदूत स्तानिस्वाव कोत यांच्या देखरेखीखाली प्रांतोप्रांती प्रतिनिधी नेमले गेले आणि त्यांच्या हाताखाली गावोगाव विश्वासू माणसे काम करू लागली, जी बहुधा त्याच निर्वासितांतील शिक्षक, वकील किंवा शिकलेल्या स्त्रिया असत. ३१ डिसेंबर १९४१ रोजी सोव्हिएत सरकारने पोलिश नागरिकांच्या साहाय्यासाठी १० कोटी रूबलचे कर्ज मंजूर केले. ब्रिटन आणि अमेरिकेतून कपडे, औषधे आणि डबाबंद दूध पाठवले गेले, पण हा माल उत्तरेतील अर्खांगेल्स्क बंदरातून किंवा दक्षिणेत इराणमार्गे येई आणि तेथून युद्धाच्या गर्दीतील रेल्वेने पुढे सरके. त्यामुळे थंडीच्या ऐन दिवसांसाठी पाठवलेला कोट मुलाच्या अंगावर चढेपर्यंत बरेचदा उन्हाळा उजाडे. तरीही या जाळ्याने भोजनगृहे, दवाखाने आणि मुलांचे निवास चालवून हजारो जीव सावरले. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी १९४२ च्या उन्हाळ्यात हे प्रतिनिधी अटकेत टाकून जाळे मोडून काढले, याला दुसरा हिवाळा तोंडावर असलेल्या मुलांच्या दृष्टीने क्रूर कृत्य म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हिवाळा मुलांना केवळ गोठवून मारत नाही, आणि या छावण्यांत मृत्यूचे मुख्य कारण गारठा नव्हता. कडाक्याच्या थंडीत माणूस असतील ते सर्व कपडे अंगावर चढवतो, ते आठवडेच्या आठवडे उतरवत नाही, पाणी तापवायला सरपण नसल्याने आंघोळ करीत नाही आणि उबेसाठी इतरांना चिकटून झोपतो. अंगावरच्या उवांना याहून अनुकूल परिस्थिती नसते. या उवांमार्फत टायफस पसरतो. हा ज्वर दूषित पाण्याने व अन्नाने होणाऱ्या टायफॉइडहून वेगळा असून त्यात तीव्र ताप, अंगावर पुरळ आणि भ्रम ही लक्षणे दिसतात. उवांशी त्याचा संबंध फ्रेंच वैज्ञानिक शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये सिद्ध केला होता, आणि त्यावरील लस रुडॉल्फ वाइग्ल यांनी पूर्व पोलंडमधील ल्वूव्ह शहरातच विकसित केली होती, म्हणजे यांतील अनेक कुटुंबे ज्या प्रदेशातून उचलली गेली त्याच प्रदेशात त्या रोगावरचे त्या काळातील सर्वोत्तम साधन तयार झाले होते. मध्य आशियातील छावण्यांत मात्र ती लस पुरेशी नव्हती आणि कपड्यांवर शिंपडून उवा मारणारे डीडीटी हे रसायन मदतकार्यात येण्यास आणखी सुमारे दोन वर्षे होती. हातात असलेले उपाय म्हणजे डोकी भादरणे, कपडे वाफेत घालणे किंवा जाळून टाकणे आणि गरम पाण्याची आंघोळ एवढेच होते. कपडे जाळायचे तर दुसरे कपडे हवेत, आणि तेच नव्हते.

त्यामुळे हिवाळ्याचे बळी प्रत्यक्षात १९४२ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात गेले. सैन्य दक्षिणेत आले, बर्फ मागे पडला, पण अंगावरून आलेल्या उवा आणि दोन वर्षांच्या उपासमारीने खचलेली शरीरे बरोबर होती. टायफसनंतर आमांश आला आणि उन्हाळ्यात मलेरिया. गुझार हे नाव वाचलेल्यांच्या आठवणींत स्मशानाचा पर्याय होऊन बसले, आणि त्याच्या जवळच्या कार्किन-बताश येथील युनाकांच्या छावणीत मुले इतक्या संख्येने मेली की तिला मृत्यूची दरी म्हटले गेले. मुलांना उबदार प्रदेशात नेणे आवश्यक होते यात शंका नाही, परंतु नुसते ऊन पुरेसे नव्हते. उवांचा नायनाट, स्वच्छ पाणी आणि पोटाला झेपेल असे अन्न या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय मृत्यू थांबला नाही, आणि त्या एकत्र आल्या सोव्हिएत सीमेच्या बाहेर.

सीमेबाहेरची पहिली वाट हिंदुस्थानातून आखली गेली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानाशिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानाशिन्स्का यांनी हिंदुस्थान सरकारकडे पाठपुरावा करून मुलांना प्रवेश मिळवला, नरेंद्रमंडळाचे चॅन्सेलर असलेल्या जामसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, आणि संस्थानिकांच्या व इतर देणगीदारांच्या निधीतून खर्चाची सोय झाली. क्वेट्टा, झाहेदान आणि मशहद या मार्गाने अश्गाबादपर्यंत मदतीचे सामान घेऊन ट्रक पाठवायचे आणि परतीच्या फेरीत त्याच ट्रकांतून मुले आणायची, ही कल्पना अतिशय व्यवहार्य होती. जाताना भरलेले आणि येताना रिकामे धावणारे वाहन हा मदतकार्यातील नित्याचा अपव्यय असतो, आणि येथे तो टाळला गेला. १९४२ च्या वसंतात या मार्गाने मुलांची पहिली तुकडी मुंबईत पोहोचली, काही काळ वांद्रे येथे राहिली आणि नंतर बालाचडीला गेली. या मुलांची काळजी वाहणाऱ्यांत पोलंडमधील विख्यात गायिका हांका ओर्दोनुव्हना होत्या, ज्या स्वतः सोव्हिएत श्रमछावणीतून सुटून आल्या होत्या आणि क्षयाने पोखरलेल्या असूनही अश्गाबादपासून मुलांसोबत राहिल्या.

ट्रकांनी येऊ शकली ती मुले शेकड्यांत मोजण्याइतकी. हजारोंची सुटका समुद्रमार्गे झाली. मार्च १९४२ मध्ये सोव्हिएत सरकारने सैन्याचा शिधा ४४,००० माणसांपुरता मर्यादित केला आणि त्याहून अधिक असलेल्यांना इराणमध्ये हलवण्यास स्टालिनने आंदर्स यांना संमती दिली. ब्रिटिशांना सैनिक हवे होते आणि नागरिकांचे ओझे नको होते, तरीही आंदर्स यांनी बायकामुलांना जहाजांत चढवले. लष्करी दृष्टीने हा निर्णय गैरसोयीचा होता, मानवी दृष्टीने त्याहून योग्य निर्णय त्या काळात दुसऱ्या कोणी घेतल्याचे दिसत नाही. मार्चअखेर ते एप्रिलच्या आरंभापर्यंत सुमारे ४४ हजार आणि ऑगस्टमध्ये सुमारे ७० हजार माणसे कास्पियन समुद्रावरील क्रास्नोवोदस्क बंदरातून इराणच्या पहलवी, म्हणजे आजच्या अंझली, बंदरात उतरली. त्यांत मुले अठरा हजारांच्या आसपास होती.

पहलवीच्या वाळूत उभारलेली छावणी ही तात्पुरत्या छावणीची रचना कशी असावी याचा एक वस्तुपाठ ठरली. किनाऱ्याचे दोन भाग करण्यात आले होते. जहाजातून उतरणारा प्रत्येक जण प्रथम ‘अस्वच्छ’ भागात जाई, तेथे त्याचे कपडे काढून बहुधा जाळले जात, डोके भादरले जाई, आंघोळ घातली जाई, आणि नवे कपडे व कांबळे घेऊनच तो ‘स्वच्छ’ भागात प्रवेश करी. चिंधीशी जडलेल्या शेवटच्या आठवणीही त्या आगीत गेल्या, काही मुले रडली, पण टायफसची साखळी येथे तुटली. अन्नाच्या बाबतीत मात्र एक चूक जीवघेणी ठरली. भुकेल्या माणसांना भरपूर खायला घालण्याच्या सद्भावनेने चरबीयुक्त मटणाचे जेवण देण्यात आले आणि दीर्घकाळ आक्रसलेली पोटे ते पचवू शकली नाहीत. सुटका झाल्यानंतर काही दिवसांतच कित्येक जण दगावले. अंझलीच्या पोलिश दफनभूमीत सहाशेहून अधिक थडगी आहेत. दीर्घ उपासमारीनंतर अन्न थोडे-थोडे आणि हलके द्यावे लागते, हे ज्ञान आज मदतकार्यात प्राथमिक मानले जाते. १९४२ मध्ये ते किनाऱ्यावरच्या स्वयंपाक्यांपर्यंत पोहोचलेले नव्हते.

इराणमधून ही मुले चहूकडे विखुरली. हजारो मुले इस्फहानच्या निवासांत राहिली. सुमारे ८७० ज्यू मुले, ज्यांना पुढे ‘तेहरानची मुले’ असे नाव पडले, कराचीमार्गे पॅलेस्टाइनला १९४३ च्या फेब्रुवारीत पोहोचली. अनेक जण टांगानिका आणि युगांडातील वसाहतींत गेले, आणि १९४४ मध्ये ७३३ मुले न्यूझीलंडमधील पाहियातुआ येथे उतरली. हिंदुस्थानाकडे निघालेल्यांचा मुक्काम प्रथम कराचीजवळच्या छावण्यांत झाला आणि १९४३ पासून ती वळिवड्यास येऊ लागली.

वळिवड्याच्या वसाहतीत चटयांच्या भिंती आणि कौलारू छपरांच्या लांब चाळी होत्या, आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले होते, ही गोष्ट तिच्यातील इतर सोयींपेक्षा महत्त्वाची वाटते. तीन वर्षे माच्यावर, फलाटावर आणि तंबूत काढलेल्या मुलाला प्रथमच स्वतःचे दार मिळाले. शाळा, दवाखाना, चर्च, बालवीर पथके आणि नाट्यगृह यांनी वसाहत गजबजली, बाजारात कोल्हापूरकडील दुकानदार आले, आणि भाजी घेताना लागणारे मराठी शब्द मुलांनी आपापसात पाठ केले. ज्यांची फुप्फुसे त्या हिवाळ्यांनी कायमची दुखावली होती अशा मुलांना पाचगणीच्या कोरड्या हवेत ठेवण्याची सोय पोलिश रेड क्रॉसने केली. साताऱ्याच्या डोंगरावर सायबेरियाच्या थंडीचा उपचार होत होता, आणि मदत शिधा वाटून संपत नाही, ती वर्षानुवर्षे चालवावी लागते, हे या व्यवस्थेमागील जाणत्यांना कळले होते. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. सैनिकांची कुटुंबे बहुतांशी ब्रिटनला गेली, काही जण पोलंडला परतले, आणि त्याच जागी फाळणीने सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांची वस्ती होऊन ती गांधीनगर या नावाने वाढली.

सोव्हिएत संघात मागे राहिलेल्या मुलांची संख्या बाहेर पडलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक होती, आणि त्यांचा उल्लेख वळिवड्यावरील लेखनात क्वचितच येतो. जानेवारी १९४३ मध्ये पूर्व पोलंडमधून आलेल्या सर्वांना सोव्हिएत नागरिक ठरवण्यात आले आणि कातिन येथे सोव्हिएतांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्याकांडाचा उलगडा झाल्यावर २५ एप्रिल १९४३ रोजी मॉस्कोने पोलिश सरकारशी संबंध तोडले. त्यानंतर या मुलांपाशी ना सैन्याचा भटारखाना राहिला ना वकिलातीचे प्रतिनिधी. मॉस्कोच्या आश्रयाने स्थापन झालेल्या पोलिश देशभक्त संघाने काही अनाथालये आणि शाळा पुन्हा सुरू केल्या, परंतु १९४२-४३ पासूनचे हिवाळे या मुलांनी बव्हंशी कोलखोजांच्या आणि वस्त्यांच्या आधारे काढले. ६ जुलै १९४५ च्या करारानंतर, मुख्यतः १९४६ मध्ये, दोन लाखांहून अधिक पोलिश नागरिक देशाच्या अंतर्भागातून गाड्यांनी परत निघाले. त्यांची मूळ गावे तोवर सोव्हिएत हद्दीत गेली असल्याने या गाड्या त्यांना जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या पश्चिमेकडील प्रदेशांत, श्लोन्स्क आणि पोमेरेनिया येथे, घेऊन गेल्या. तेथे त्यांना बहुधा जर्मन कुटुंबांनी सोडलेली घरे मिळाली, आणि मुलांना वयाच्या मानाने तीन-चार वर्ग खाली बसून शाळा पुन्हा सुरू करावी लागली.